आखरीचं पाणी झालं की इटली

मोठेबाबा,

इटलीसाठी करून घेतलेला तुमचा विळा अजून खुंटीवरच आहे. काल मोठीमायनं तो काढला, अंगठा फिरवून धार पाहिली आणि परत टांगला. "गंज धरून राहिला," एवढंच म्हणाली. घरात दुसरे विळे आहेत, पण हा कोणी आपल्या धानाला लावायचा नाही, असं तुम्ही लोहाराकडून आणला त्या दिवशीच सगळ्यांना बजावलं होतं. हा प्रवासाचा विळा. तुम्ही नाही, तरी तिच्याशिवाय त्याला कोणी हात लावत नाही. लावला तर कुठूनतरी ओरडाल असं वाटतं.

मला हे नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. आपल्या घरात गेलेल्या माणसाला उद्देशून कोणी काही लिहीत नाही. लिहिणारंच कोणी नव्हतं. माणूस गेला की बाया रडतात, तेरवी होते आणि मग सगळे शेतावर जातात, कारण धान कोणासाठी थांबत नाही. या घरातला लिहिणारा मी पहिला, आणि तोही तुमच्यामुळे. म्हणून हे तुम्हालाच.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर तुम्ही माझ्या बाबांचे थोरले भाऊ आणि मोठीमाय तुमची बायको. पण केशोरीत तुमचं पाळण्यातलं नाव किती जणांना आठवत असेल, मला शंका आहे. गावाला तुम्ही 'इटली'. "इटली बाजारात दिसला का?" "इटलीले बोलवा, पाटाचं काम आहे." लढाईच्या काळात तुम्ही रस्ते आणि पूल बांधणाऱ्या पलटणीत भरती झालात, समुद्र ओलांडून गेलात आणि परत आलात. इतर परतलेले फौजी विमानांच्या आणि तोफांच्या गोष्टी सांगायचे. तुम्ही सांगितलंत की तिकडे धान पिकतं. लोकांना तीच गोष्ट सगळ्यात खोटी वाटली. विमानांवर विश्वास बसला, धानावर बसला नाही.

माझा बसला. मी तेव्हा नुकता शाळेत जायला लागलो होतो, आणि त्या वयात माणूस कशावरही विश्वास ठेवतो. पण एवढंच कारण नव्हतं. तुम्ही ती गोष्ट सांगताना हातानं रोवण्याची खूण करायचात. अंगठा आणि दोन बोटं चिखलात खुपसावीत तशी. खोटं बोलणाऱ्याच्या बोटांना ते जमलं नसतं.

खळ्यावर मळणी उरकली होती, तुम्ही तणसाच्या ढिगाला टेकून बसला होता, आणि मी दोरीचा गुंता सोडवत होतो. तेव्हा तुम्ही ती गोष्ट पहिल्यांदा पूर्ण सांगितलीत. लढाई संपली होती. तुमची पलटण एका मोठ्या नहरावर फुटलेला पूल दुरुस्त करत होती. दुपारच्या सुटीत तुम्ही नहराच्या पलीकडे गेलात, आणि समोर पाण्यानं भरलेल्या बांध्या, आपल्यासारखीच धानाची खाचरं. बांधीत ओळीनं वाकलेल्या बाया, डोक्यावर गवताच्या मोठाल्या टोप्या, आणि रोवता रोवता गाणं चाललेलं.

"मले वाटलं का मले येड लागलं," तुम्ही म्हणालात. "घरची याद येऊन येऊन डोस्कं फिरलं. म्हणून बूट काढले आणि पाण्यात पाय टाकून पाह्यलं. पाणी खरं निघालं."

मग तुम्ही पॅन्ट गुडघ्यापर्यंत गुंडाळलीत आणि बांधीत उतरलात. बाया हसायला लागल्या. त्यांची मुकादमीण, एक म्हातारी, काठी घेऊन बांधावरून आली. तुम्ही हात जोडलेत, एक जुडी उचललीत आणि रोवायला लागलात.

आता आपल्याकडे रोवणा बायांचा. पुरुष चिखल करतात, पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून जुड्या बांधून देतात, पण रोवायला वाकत नाहीत. तुम्ही जन्मात कधी रोवलं नव्हतं. तुमची रांग गेली वाकडी. म्हातारी काही वेळ पाहत राहिली, मग स्वतः पाण्यात उतरली, तुम्ही लावलेलं अर्धं उपटलं आणि तुमच्यादेखत सरळ लावून दाखवलं. सगळ्या बाया हसल्या. तुम्हीही हसलात. पलटण तिथे होती तोवर तुम्ही सुटीच्या वेळी जात राहिलात आणि तुमची रांग वाकडीच जात राहिली.

"पन बे तुळश्या," तुम्ही मला म्हणालात, "कापणीच्या आधीच आमाले तेथून हलवलं. रोवणं पाह्यलं त्याईनं माझं. कापणं नाई पाह्यलं. कापणीत मी कोनाले आयकत नाई. एक डाव मले त्या बांधीत विळा घेऊन उतराचं आहे. मंग हास म्हणा बुढीले."

एवढंच होतं तुमचं इटलीचं कारण. मी पुढे कॉलेजात गेलो तेव्हा मुलांना सांगायचो की माझ्या मोठेबाबांना इटली पाहायची आहे, तेव्हा ती म्हणायची, वा, रोम, पुतळे, देवळं. मी हो म्हणायचो. एका वाकड्या रांगेसाठी कोणी सातासमुद्रापलीकडे जाऊ इच्छितं, हे त्यांना सांगायला मला शब्द सापडायचे नाहीत.

निघताना म्हातारीनं तुम्हाला बियाणं दिलं. तुम्ही ते फौजी मोज्यात बांधून आणलंत. विहिरीजवळच्या कोपऱ्यातली ती लहानशी बांधी तेव्हापासून इटलीची. ते धान आपल्या मातीत बुटकंच राहायचं आणि घाईनं निसवायचं. आपलं लुचई धान अजून हिरवंगार असायचं तेव्हा तुमच्या बांधीत दाणा पिकलेला. साऱ्या शिवारात पिकलेलं धान तेवढंच, म्हणून साऱ्या शिवारातली पाखरं तिथे. तुम्ही बांबूला फौजेतला बिस्किटाचा डबा टांगला होता, त्यात खडे भरले होते, आणि दोरी माझ्या हातात दिली होती. मी दोरी ओढायचो, तुम्ही गोफण फिरवायचात, आणि पाखरं उडून विहिरीपलीकडे जाऊन बसायची. तुम्ही त्यांना अशा शिव्या द्यायचात की मोठीमाय घरातून मला हाक मारून आत बोलवायची.

एका वर्षी पाखरांनी जरा दया केली, आणि बियाणं बाजूला ठेवून भात शिजवण्याइतके तांदूळ उरले. मोठीमायनं तो भात रांधला. तो झाला नुसता गोळा. तिनं तो गोळा तुमच्या ताटात उलटा केला आणि म्हणाली, "घ्या. याच्यासाठी आख्खं गाव तुमाले हासते."

"तिकडं असाच खातात," तुम्ही म्हणालात.

"मंग त्याईले दात नसतीन."

तुम्ही तो सगळा खाल्लात. मीही खाल्ला. खरं सांगू का मोठेबाबा, मला तो आवडला नव्हता. तुमच्याकडे पाहून खाल्ला. हे कधी सांगितलं नाही, आता सांगतो.

मोठीमायचा दुसरा ठरलेला टोमणा तुम्हाला आठवत असेलच. आपण ओसरीत इटलीचं बोलायला लागलो की ती सूप आपटत म्हणायची, "तेथी कोनी बसली आहे काय वाट पाहत?"

"आहे ना."

"कोन?"

"बुढी. तोंडात दात नाई, हातात काठी आहे. तुले आवडन."

आपण जायचं नेमकं केव्हा ठरवायला लागलो, ते मला आठवत नाही. सुरुवातीला ती तुमची गोष्ट होती. मग हळूहळू आपली झाली. केशोरीहून अर्जुनीपर्यंत बैलांचं खासर, अर्जुनीहून छोट्या गाडीनं गोंदिया, तिथून मेलनं मुंबई, मुंबईहून जहाज. जहाजात तुम्हाला फार ओकाऱ्या झाल्या होत्या म्हणून लिंबाचं लोणचं. तिकडचं खाणं मला चालणार नाही म्हणून मुरमुरे, लसणाची चटणी आणि लाखोळीची डाळ. विळा घोंगडीत गुंडाळून. मी म्हटलं होतं, "मोठेबाबा, फिरायला जाणारा माणूस विळा घेऊन जात नाही." तुम्ही म्हणालात, "परक्याच्या विळ्यानं माझा हात नाई बसत. तेथी जाऊन अजून एक डाव हासं करून घेऊ काय?"

गावात लोक यात्रेला जात, मार्कंड्याला जात, फार झालं तर गंगेला. सगळे काहीतरी फेडायला किंवा मागायला जात. नुसतं फिरायला जाणारा माणूस आपल्या गावात कोणी नव्हता. गोमाजी पाटाच्या कामावर तुम्हाला विचारायचे, "काऊन गा इटली, तेथी कोनता देव आहे?" तुम्ही म्हणायचात, "देव नाई. धान आहे." मग ते बाकीच्यांकडे पाहून डोळा मारायचे, आणि तुम्ही फावडं चालवत राहायचात. मला त्यांचा राग यायचा. तुम्हाला कसा येत नसे, हे मला अजून कळलेलं नाही.

माझी मॅट्रिक झाली तेव्हा बाबांना वाटत होतं की झालं तेवढं पुष्कळ. त्यांचंही चूक नव्हतं. शेतात हात कमी होते. बाबांचं म्हणणं तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "मंग नकाशा कोन वाचन?"

बाबांना कळलंच नाही. "कोनता नकाशा, दादा?"

"इटलीचा. मले त्या गावाचं नाव मालूम नाई. नहर मालूम आहे, पूल मालूम आहे. मी तेथी उतरून कोनाले विचारू? पोरगा शिकलेला पायजे. दोन अक्षरं त्याईची, दोन आपली. त्याले नागपूरले जाऊ दे."

बाबा हसले. मोठीमायनं कपाळावर हात मारला. पण मला नागपूरला पाठवायचं त्या दिवशी ठरलं. आपल्या घरातला मी पहिला मुलगा कॉलेजात गेलो, तो इटलीचा नकाशा वाचण्यासाठी. होस्टेलमध्ये मुलं एकमेकांना विचारत, तू इथे का आलास. कोणाला वकील व्हायचं होतं, कोणाला मामलेदार.

मी पुष्कळदा विचार केला आहे, की तुम्ही मला इटलीसाठी शिकवलंत, की शिकवण्यासाठी इटली पुढे केलीत. तुम्हाला विचारायचं होतं. धीर झाला नाही. आणि आता असं वाटतं की तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "तुले काय करायचं आहे? तू नकाशा पाह्य."

मी नकाशा पाहिला. कॉलेजच्या वाचनालयात मोठा नकाशासंग्रह होता. उत्तरेच्या सपाटीत नहर इतके होते की तुमचा नहर कोणता, हे सांगता येईना. पण ती पानं उलटताना मला रोम सापडलं. इतिहासाच्या प्राध्यापकांनी वर्गात चित्रं दाखवली होती. दोन हजार वर्षांचे खांब, तुटलेल्या कमानी, दगडी रस्ते. मला ते पाहावंसं वाटायला लागलं. आपल्याकडे माणसं बांधतात ते मातीचं, दर पावसाळ्यात नवं लिंपायला लागतं. इतकं टिकलेलं काही मी कधी पाहिलं नव्हतं. सुटीत घरी आल्यावर मी तुम्हाला तसं सांगितलं, आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं.

मी म्हणालो, उन्हाळ्यात जाऊ. शेत रिकामं असतं, मला सुटी असते. तुम्ही म्हणालात, उन्हाळ्यात तिथे कापणी नसते.

"पण रोम असतं."

"दगडं कोठी जातात बे? ते दोन हजार वर्स थांबले, अजून थांबतीन. धान थांबत नाई."

"आणि कापणीत गेलो तर आपलं शेत कोण पाहील? तेव्हा इकडे तलावाचं पाणी सोडतात."

इथे तुम्ही अडायचात, मोठेबाबा. दर वेळी इथेच. कारण तिकडची कापणी आणि आपलं आखरीचं पाणी जवळजवळ एकाच वेळी पडतं, हे तुम्हाला मनातून ठाऊक होतं. पाऊस ओसरल्यावर तलावातून जे शेवटचं पाणी मिळतं, त्यावर आपल्या भारी, उशिरा पिकणाऱ्या धानाचा दाणा भरतो. ते हुकलं तर वर्षभराचं गेलं. गावात पाटावर पाळी लावायला, भांडणं मिटवायला, कोणाच्या बांधीत चोरून पाणी चाललंय ते पाहायला तुम्ही लागायचात. तुमच्यावाचून ते पाणी कधी सुटलं नाही. म्हणून भांडणाच्या शेवटी तुम्ही दर वर्षी एकच वाक्य म्हणायचात: "पाहू. आखरीचं पाणी होऊ दे."

आणि पाणी होईपर्यंत तिकडची कापणीही होऊन जायची.

या उन्हाळ्यात आपण शेवटचं भांडलो. तुम्ही विहिरीच्या काठावर बसून विळ्याला तेल लावत होता. मी म्हणालो, पुढच्या उन्हाळ्यात माझी परीक्षा झाली की निघू, पासपोर्टची चौकशी मी करतो. तुम्ही म्हणालात, "एक दिवस देतो मी तुले दगडासाठी. बाकी कापणी." मी म्हणालो, कापणी नाही. तुम्ही म्हणालात, मग जा तू एकटा. मी म्हणालो, एकटा जाऊन काय करू? तुम्ही विळा पुसलात. मग मोठीमायनं जेवायला हाक मारली.

यानंतरची गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तीच सांगायला खरं तर हे सगळं लिहितो आहे.

कॉलेज सुरू झाल्यावर एकदा इतिहासाच्या तासाला मी उभा राहिलो. मी वर्गात सहसा उभा राहत नाही. माझं बोलणं गावाकडचं आहे, मुलं हसतात. प्राध्यापक रोमच्या रस्त्यांबद्दल सांगत होते. त्यांनी विचारलं, काही शंका? आणि मी म्हणालो, "सर, तिकडे धान नेमका कोणत्या महिन्यात कापतात?"

सगळा वर्ग हसला. प्राध्यापक हसले नाहीत, पण गोंधळले. म्हणाले, हे मला ठाऊक नाही, भूगोलाच्या सरांना विचार. मी विचारलं. त्यांनी एक पुस्तक काढून दाखवलं. तुम्ही सांगत होता तेच होतं, आपल्या आखरीच्या पाण्याच्या वेळी तिकडे विळे चालतात. त्या पुस्तकात एक फोटोही होता, पाण्यात ओळीनं वाकलेल्या बायांचा, मोठाल्या टोप्यांचा. मी तो फोटो पाहत उभा राहिलो. माझा तुमच्यावर लहानपणापासून विश्वास होता, तरी तो फोटो पाहून माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, इथेच कुठेतरी एक वाकडी रांग असेल.

रोमच्या चित्रांत कोणी माणूस नव्हता. या फोटोत माणसंच माणसं होती. मी तिथेच ठरवलं की कापणीतच जायचं. माझं कॉलेज बुडालं तर बुडू दे, पाणी त्या वर्षी बाबा आणि मी आधी बसून पाळ्या लावून देऊ, काहीतरी करू. मी हरलो, हे मला तुम्हाला तोंडानं सांगायचं होतं. दिवाळीत घरी आल्यावर सांगू, असं ठरवलं. तुमचा चेहरा कसा होईल, हे मी होस्टेलच्या खाटेवर पडून पाहून घेतलं होतं.

दिवाळीच्या आधीच गावचा माणूस निरोप घेऊन आला. ताप मेंदूत गेला म्हणाले. छोट्या गाडीत बसलो तेव्हा दोन्ही बाजूंना धान पोटऱ्यात आलेलं होतं, आणि मला वाटत होतं की गाडी नेहमीपेक्षा जास्त स्टेशनांवर थांबते आहे. मी पोहोचलो तेव्हा तुम्हाला नेलेलं होतं. खुंटीवर विळा होता.

तुम्हाला मूलबाळ नाही, म्हणून दिवस मीच केले. दहाव्या दिवशी तलावाच्या काठावर सगळे जमले. पिंडासाठी भात मोठीमायनं रांधला होता. यंदाच्या इटलीच्या बांधीचा. तुम्ही आजारी पडण्याआधी स्वतः कापून ठेवलेला. बियाणं तिनं मोज्यात बांधून ठेवलं आहे, काळजी करू नका. बाबांनी विचारलं, हा कायले? ती म्हणाली, "याचा असाही गोळाच होते."

पिंड ठेवला आणि आम्ही दूर होऊन बसलो. कावळा येईना. तलावाकाठच्या मोहाच्या झाडावर तीन-चार बसलेले दिसत होते, पण खाली उतरत नव्हते. ज्या धानावर साऱ्या शिवाराची पाखरं तुटून पडायची, त्याच्याकडे त्या दिवशी एकही पाहत नव्हतं. तुम्ही सारी हयात पाखरं हाकलण्यात घालवलीत, आणि आम्ही सगळे हात जोडून एका पाखराची वाट बघत होतो.

बाबा उठून म्हणाले, "दादा, वहिनीले काही कमी पडू देणार नाई." कावळा आला नाही. "तुह्या बांधीत पीक घेत जाईन." नाही. गोमाजी म्हणाले, "पाटाच्या पाळीचं आमी भांडणार नाई गा, तू जाय सुखानं." त्यावर पाटाच्या कामावरचे लोक खाली मान घालून हसले. कावळा आला नाही. ऊन वर यायला लागलं.

मग गोमाजीच म्हणाले, "त्याले इटलीचं सांगा ना. त्याच्याबिगर नाई येत तो." या वेळी मात्र त्यांनी कोणाकडे पाहून डोळा मारला नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मोठेबाबा, मी अडखळलो. ते मी पिंड-कावळा मानतो की नाही, यामुळे नव्हतं. मेलेल्या माणसाला खोटं वचन देणं मला जमेना. मी इटलीला जाईन, हे मी कशाच्या जोरावर म्हणू? पण एक गोष्ट खरी होती, आणि ती मी इतके दिवस घेऊन फिरत होतो. मी पिंडाजवळ गेलो आणि म्हणालो, "मोठेबाबा, मी हारलो. कापणीतच जाऊ."

आणि मागून मोठीमायचा आवाज आला.

"कापणीत? कापणीत कोनी घर सोडते काय?"

मी वळून पाहिलं. ती बायांमध्ये बसली होती, डोळे पुसत. "आखरीचं पाणी कोन सोडन? तू का तो? उन्हाळ्यात जा. तुह्या परीक्षेनंतर."

"मोठीमाय, उन्हाळ्यात तिकडे कापणी नसते."

"मंग कायले पायजे कापणी? त्याची रांग वाकडी गेली म्हणून? मले मालूम आहे ते. मले त्यानं फौजेतून आल्या आल्याच सांगतलं. तुलेच सांगतलं असं वाटलं काय तुले?"

मला तसंच वाटत होतं, मोठेबाबा.

"दोन महिने आधी गेले तर तेथी हिरवा धान असन," बाबा मध्येच म्हणाले, "तो पाहून वापस आलं तर पाणी भेटते."

"हिरवा धान पाहाले समुद्रापार?" मोठीमाय म्हणाली. "आपल्या इकडं दिसत नाई काय?"

"विळ्याचं काय मग?" मी म्हणालो.

"विळा मी घेऊन जाईन," मोठीमाय म्हणाली. "तुह्यानं नाई होत कापणी. तू दगडं पाह्य."

बाया आता तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि रडतही होत्या. गोमाजींनी हात वर करून पिंडाकडे दाखवलं. कावळा केव्हा आला, ते कोणीच पाहिलं नव्हतं. तो एकटा होता, आणि अगदी सावकाश खात होता. गोळा त्याच्या चोचीला चिकटत होता.

मोठीमाय थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पाहा. तिकडं असाच खातात म्हणे."

मी त्या आठवड्यात नागपूरला परत गेलो नाही. तलावाचं पाणी सुटायचं होतं. पाळ्या लावायला आम्ही पाटावर बसलो, आणि दर थोड्या वेळानं कोणीतरी मान वर करून बघायचं, तुम्ही येताय का म्हणून. भांडणं झाली. एकाच्या बांधीत चोरून पाणी गेलं, ते गोमाजींनी पकडलं, आणि ती बांधी त्यांच्याच भाच्याची निघाली. तुम्ही असता तर आठवडाभर हसला असता. आपल्या बांधीत पाणी आलं तेव्हा मी फावडं घेऊन बांध फोडला आणि उभा राहिलो. पाणी हळूहळू शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेलं. विहिरीजवळच्या तुमच्या बांधीत आता नुसती धसकटं आहेत, तरी मी तिथेही थोडं सोडलं. बाबांनी ते पाहिलं.

उद्या पहाटेच्या खासरानं अर्जुनीला जायचं आहे. मोठीमायनं मुरमुरे आणि लसणाची चटणी बांधून दिली आहे, नागपूरसाठी म्हणते. आज संध्याकाळी तिनं विळा पुन्हा खाली काढला, दगडावर पाणी टाकलं आणि धार लावत बसली. मी समोर बसलो. आम्ही पुन्हा भांडलो. ती उन्हाळ्यावर आहे, मी कापणीवर. बाबांचं ते हिरव्या धानाचं अजून मधूनमधून चालू असतं.

आखरीचं पाणी झालं, मोठेबाबा. आता तुम्हाला दुसरं काही कारण सांगता येणार नाही.